डिस्क कोरी, लॅपटॉप जागा

‘नो बूटेबल डिव्हाइस फाउंड.’ काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच. लातूरला क्लासेससाठी किंवा नांदेडला कॉलेजसाठी आलेल्या पोरानं साठवलेल्या पैशांतून सेकंडहँड लॅपटॉप घ्यावा, खोलीवर आणून बटण दाबावं आणि हे वाचावं, म्हणजे काळजात धस्स होतं. आपण गंडलो, ही पहिली शंका. पण पडद्यावर अक्षरं उमटली, यातच मोठी बातमी आहे. प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड, पडदा हे सगळे निदान जागे झाले आहेत. अडलंय ते फक्त डिस्कपाशी, आणि बहुतेक वेळा तीही बिघडलेली नसते, नुसती कोरी असते.

बटण दाबल्यापासून हे वाक्य दिसेपर्यंतच्या काही सेकंदांत जे घडतं, ते कितीदा वाचलं तरी मी थक्क होतो.

वीज मिळते तेव्हा प्रोसेसरला कशाचाच पत्ता नसतो. रॅम किती, डिस्क कुठे, पडदा आहे की नाही, काही नाही. त्याला फक्त एक गोष्ट जन्मजात ठाऊक असते: 4 जीबीच्या हद्दीत जेवढे पत्ते मावतात, त्यांच्या शेवटापासून बरोबर 16 बाइट अलीकडे जायचं आणि तिथं जे लिहिलंय ते करायचं. ही रीत 1978 सालच्या इंटेल 8086 पासूनची. तेव्हा हद्द 1 एमबीची होती, पण अंतर हेच, 16 बाइट. एवढ्याशा जागेत मावून मावणार काय? ‘अमुक ठिकाणी उडी मार’ एवढा एक हुकूम. त्याच रीतीवर 1981 मध्ये आयबीएमचा पहिला पीसी उभा राहिला. योगायोगानं त्याच वर्षी नांदेडला विष्णुपुरीचं श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, आणि आज तिथं शिकणाऱ्या पोरांच्या इंटेलच्या लॅपटॉपमध्येही पहिला हुकूम त्याच ठिकाणाहून उचलला जातो.

हा हुकूम मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये असतो. बहुतेकदा आठ पायांची, सेंटिमीटरभरही न भरणारी. जुन्या यंत्रांत तिच्यातल्या प्रोग्रॅमला बायॉस म्हणायचे, आता यूईएफआय. या प्रोग्रॅमपुढची पहिली अडचण विलक्षण आहे. त्याला काम करायला रॅम हवी, आणि रॅम तर अजून वापरायला तयारच नाही. मग तो प्रोसेसरच्या पोटातली इवलीशी कॅश तात्पुरती रॅम म्हणून वापरतो आणि तिच्या आधारानं खऱ्या रॅमशी जुळवून घेतो. कोणत्या तारेवरचा संकेत नेमका कोणत्या क्षणी वाचायचा, हे तो पुन्हा पुन्हा वाचून-लिहून ठरवतो. त्यातला फरक सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी लहान असतो. हे जमलं की मग पडदा उजळतो.

आता ऑपरेटिंग सिस्टिमचा शोध. लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात. मध्यभागी उभं राहून एकेका रस्त्यानं डोकावून यावं, तसा हा प्रोग्रॅम डिस्क, पेनड्राइव्ह, नेटवर्क असा ठरलेल्या क्रमानं डोकावतो. जुना बायॉस डिस्कचे पहिले 512 बाइट वाचायचा आणि शेवटचे दोन बाइट 55 आणि एए असतील तरच पुढे जायचा. यूईएफआय एका लहानशा विभागात ठरलेल्या नावाची फाइल शोधतो. कुठंच काही सापडलं नाही, की ते काळ्या पडद्यावरचं वाक्य.

डिस्क कोरी का असते? जुने लॅपटॉप पुष्कळदा कंपन्यांकडून येतात. तीन-चार वर्षं वापरून कंपनी ते काढून टाकते आणि आपली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून डिस्क पुसते, कधी काढूनच घेते. यात संशय घेण्यासारखं काही नाही, उलट व्यवहार नेटका झाल्याचीच ती खूण.

आणि सगळं पुसूनही एक गोष्ट उरते. विंडोज 10 किंवा 11 घेऊन कारखान्यातून निघालेल्या बहुतेक लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या त्याच चिपमध्ये विंडोजची 25 अक्षरांची चावी कोरलेली असते. डिस्क बदलली तरी ती जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवून तीच आवृत्ती टाकली, तर ते चावी न विचारता नेटला जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. म्हणजे ज्या विंडोजचे पैसे पहिल्या मालकानं केव्हाच भरलेत, त्याच्या जागी पोरं क्रॅक विंडोज मारून घेतात आणि सोबत व्हायरसही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

मात्र 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीची बहुतेक यंत्रं विंडोज 11 च्या यादीत बसत नाहीत. स्वस्तात मिळतात ती नेमकी हीच. त्यांच्यासाठी लिनक्स आहे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्यानं 1991 मध्ये सुरू केलेलं हे काम आज 3 कोटींहून अधिक ओळींचं झालंय आणि ते फुकट मिळतं. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं त्यावरच चालतात. लिनक्स मिंटची फाइल सुमारे 3 जीबीची. मित्राच्या संगणकावर ती उतरवून रूफस किंवा एचर या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्ह बूटेबल करायचा, लावायचा आणि लॅपटॉप सुरू होताना डेल-लेनोवोला एफ12, एचपीला एफ9 दाबत राहायचं. डिस्कला हातही न लावता अख्खी सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच उभी राहते. वायफाय, आवाज, कॅमेरा, कीबोर्ड सगळं तपासून बघा, पटलं तर इन्स्टॉल करा.

इन्स्टॉल करताना भाषा मराठी निवडता येते. इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यातच असतो. सरकारनं 1986 मध्ये ठरवलेल्या या मांडणीत ‘के’च्या कळीवर मराठीत ‘क’ येतो, आणि तेलुगू, कन्नड, गुरुमुखीतही ‘क’च. देगलूरला तेलुगू, उदगीरला कन्नड आणि नांदेडच्या गुरुद्वारात पंजाबी ऐकत वाढलेल्या आपल्या मुलखासाठी याहून सोयीचं काय असणार!

अजून एक गंमत. सुरू केल्यावर तारीख भलतीच मागची दिसली आणि वेबसाइट उघडेनात, तर घाबरू नका. आतला बटण-सेल संपलेला असतो. त्यावर चालणारा घड्याळाचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. ही संख्या 15 वेळा निम्मी केली की उरतो 1, म्हणजे बरोबर एक सेकंद. सेल स्वस्त असतो, बदलून घ्या.

तेव्हा असा लॅपटॉप घ्यायला जाताना बूटेबल पेनड्राइव्ह खिशात ठेवा आणि दुकानातच सुरू करून बघा. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये शिरताना पासवर्ड मागितला, तर तो दुकानदाराकडून आधी काढून घ्या. विंडोज टाकणार असाल, तर नेटला जोडल्यावर जुन्या कंपनीचं लॉगिन येत नाही ना, तेही पाहा. कंपनीच्या नोंदीतून न काढलेलं यंत्र डिस्क बदलली तरी ते मागत राहतं. आणि पावती घ्यायला विसरू नका.