काट्याचे दुभाषी

१९३६ साली राष्ट्रीय सभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरल्यामुळे फैजपूर इतिहासाच्या दप्तरी दाखल झाले. परंतु ऊस आणि केळी यांवर पोसलेल्या या टापूचा रोजचा इतिहास लिहिला गेला तो वजनकाट्याच्या पावत्यांवर, आणि काट्याने मोजलेला आकडा सीरियल पोर्टाच्या तारेतून संगणकात रुजू करणाऱ्या ज्या प्रोग्रामिंग लायब्रऱ्या होत्या, त्यांचे स्मरण मात्र त्या अडल्याखेरीज कोणालाही झाले नाही.

डॉसच्या अमदानीत हा कारभार समक्ष चाले. टर्बो-सीमधील बायोसकॉम हे फंक्शन हाताशी असे खरे, पण त्यावर विसंबणारा लवकरच पस्तावे. कारण ९६०० बॉडच्या वेगाने दर मिलिसेकंदास सुमारे एक अक्षर दाराशी येई, ८२५० या चिपच्या देवडीवर एकाच अक्षरापुरती जागा, आणि प्रोसेसर फ्लॉपीत किंवा छपाईत गुंतला की मागून आलेले अक्षर आधीच्यास पुसून त्याची जागा घेई. अशाने १२४६० किलोची मालमोटार १२४० किलोची होई, आणि पॅरिटीची तपासणी एकेका अक्षरापुरतीच असल्यामुळे नाहीशा झालेल्या अक्षराची फिर्याद तिच्यापर्यंत पोचतच नसे. म्हणून जाणत्याने इंटरप्ट हाती घेऊन अक्षर तत्काळ उचलावे, अक्षरसंख्या भरल्यावाचून आकडा मानू नये, आणि लागोपाठ तीन आकडे जुळल्यावरच पावती फाडावी, असा रिवाज होता. पुढे १६५५०ए या चिपने सोळा अक्षरांची ओसरी बांधून दिली, तेव्हा ही धास्ती पुष्कळ कमी झाली.

विंडोज एनटीने पोर्टाशी परस्पर बोलण्यास मज्जाव केला, आणि १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मधील एमएसकॉम हा आमच्याकडचा सर्वमान्य दुभाषी झाला. फॉर्मवर टेलिफोनचे चित्र ओढून ठेवावे, ‘९६००,एन,८,१’ एवढी सनद लिहावी, की काटा बोलू लागे. इंटरप्ट म्हणजे काय हे ठाऊक नसलेला मनुष्यही दोन दिवसांत काट्याचा प्रोग्राम लिहू लागला. हे निखळ वरदान होते असे मला तेव्हाही वाटले नाही. जावाच्या वाटेने गेलेले आरएक्सटीएक्सच्या आश्रयास गेले, पण ते थोडे.

मग संगणकाच्या पाठीवरचा नऊ पिनांचा पोर्टच नाहीसा झाला आणि यूएसबीचे कन्व्हर्टर आले. एका हंगामात, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग खोळंबली असता, मला बोलावणे आले की प्रोग्राम काटा ओळखीत नाही. वर्षानुवर्षे कधी नवा कन्व्हर्टर, कधी जुनाच दुसऱ्या भोकात, असे चालले होते. विंडोजने दर खेपेस नवा कॉम क्रमांक बहाल करीत मजल सतरावर नेली होती, आणि एमएसकॉमला सोळापलीकडचे जग ठाऊक नाही. डिव्हाइस मॅनेजरात सतराचे तीन केले. पडद्यावर आकडा स्थिरावला, तो कारकुनाने आपल्या वहीत हातानेही उतरून घेतला, आणि पुढच्या ट्रॅक्टरवाल्यास हाक मारली.