राखणीचा कुत्रा आणि मालकाची जबाबदारी



मळ्यात वस्ती म्हटली की कुत्रा आलाच. रात्री मोटार चालू करायला निघालो की तो पुढे चालतो. गोठ्याजवळ कोणी फिरकले तर तो आधी भुंकतो. भुईमुगात रानडुक्कर शिरले तर घरच्यांना तोच उठवतो. भाकरीच्या तुकड्यावर एवढी चाकरी करणारे दुसरे जनावर नाही. तेव्हा कुत्रा पाळू नका, असे आम्ही मुळीच सांगणार नाही. कुत्रा जरूर पाळावा. पण आपला कुत्रा आपल्या बांधाबाहेर जे करतो त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो, ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी विसरली जाते.

पाणंदीने जाणाऱ्या माणसावर कुत्रा धावून गेला, की मालक बाजेवर बसल्या बसल्या ओरडतो, ‘‘या हो खुशाल, काही करत नाही ते!’’ मालकापुरते ते खरेच असते. कुत्रा मालकाला काही करत नाही. पण रस्त्याने जाणारा माणूस मालक नसतो. शाळेला निघालेली पोरे, दूध घालायला निघालेला सायकलवाला, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, पोस्टमन, मजुरीला आलेली परगावची माणसे, वारीच्या दिवसांत रस्त्याने चाललेली दिंडी, या सगळ्यांना कुत्रा परका आणि कुत्र्याला हे सगळे परके.

राखण कोठपर्यंत?

कुत्र्याला आपला बांध कोणता आणि सरकारी रस्ता कोणता, हे कळत नाही. जेथपर्यंत तो रोज मोकळा फिरतो तेवढी सगळी जागा तो आपलीच समजतो आणि तिची राखण करतो. म्हणूनच वस्तीवरचा कुत्रा शंभर पावलांवरच्या वाटेवर जाऊन सायकलीमागे लागतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याला हद्द घालून देणे हे मालकाचे काम आहे.

पळणाऱ्या वस्तूमागे धावणे हा कुत्र्याचा उपजत स्वभाव आहे. मोटारसायकलस्वार घाबरून वेग वाढवतो, कुत्रा आणखी चेकाळतो, आणि खडीच्या रस्त्यावर गाडी घसरते. कुत्रा दातही लावत नाही, पण माणसाचा हात किंवा पाय मोडतो.

दिवाळीनंतर मेंढरांचे वाडे चाऱ्यासाठी गावोगाव फिरतात. आपणच खतासाठी त्यांना रानात बसवतो. पण शेजारच्या वस्तीवरचे दोन-तीन मोकळे कुत्रे एकत्र आले की ते मेंढरांच्या मागे लागतात. एरवी गरीब असलेला कुत्राही टोळीत गेला की बदलतो. दोन-चार कोकरे फाडली जातात. ज्यांना दातही लागला नाही अशा गाभण मेंढ्या पळून पळून गाभडतात. मेंढपाळाचे सारे भांडवल चार पायांवर असते. त्याच्या नुकसानीला तो कोणाच्या दारात दाद मागणार?

चावण्यापेक्षा मोठा धोका : रेबीज

कुत्र्याच्या दाताची जखम भरून येते. खरी भीती आहे ती रेबीजची, म्हणजे कुत्रे पिसाळण्याच्या रोगाची. या रोगाचे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतात. चावल्याने ते जखमेत शिरतात. नखाने ओरबाडले किंवा उघड्या जखमेवर जीभ लागली तरीही शिरू शकतात. तेथून ते मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. या प्रवासाला साधारणपणे एक ते तीन महिने लागतात. कधी थोडे दिवसही पुरतात, तर कधी वर्षाहून जास्त काळ जातो.

हा मधला काळच फसवा असतो. जखम भरते, खपली पडते, घरचे विसरून जातात. मग एक दिवस ताप येतो, जखमेच्या जागी मुंग्या येतात, पाणी घशाखाली उतरत नाही, वाऱ्याची झुळूकही सहन होत नाही. एकदा ही लक्षणे दिसली की रोगी वाचत नाही असेच समजावे. पण लक्षणे दिसण्याआधी जखम धुतली आणि वेळेवर लस टोचली, तर हा रोग हमखास टळतो.

माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकार कुत्र्यापासून होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. संशयित जनावर चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. याचे कारण आपल्यालाही माहीत आहे. पोरे कुत्र्याच्या तोंडाशी खेळतात, पळतात, पडतात. आणि चावले तर ‘घरी मार बसेल’ म्हणून सांगत नाहीत. तेव्हा कुत्रा अंगावर आला, ओरबाडले, चाटले तरी लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही, असे घरच्या पोरांना आजच सांगून ठेवा.

मालकाने करावयाची कामे

१) दरवर्षी लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची पहिली लस टोचावी. दुसरी मात्रा पशुवैद्यक सांगतील त्या तारखेला द्यावी आणि पुढे दरवर्षी न चुकता लस द्यावी. ही लस थंडाव्यात ठेवावी लागते. बाजारातून आणून खिशात घालून, उन्हातान्हातून नेऊन घरीच टोचली तर तिचा गुण राहत नाही. टोचल्याची तारीख दवाखान्याच्या कार्डावर लिहून घ्या. आठवणीसाठी ६ जुलै हा दिवस धरता येईल. १८८५ साली याच दिवशी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेले कुत्रे चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस देण्यास सुरुवात केली आणि तो मुलगा जगला.

२) दिवसा बांधावे, रात्री कुंपणात सोडावे. रस्त्यालगतच्या वस्तीवर वर्दळीच्या वेळी कुत्रा बांधलेला असावा. पण आखूड साखळीने दिवसभर खुंट्याला जखडलेला कुत्रा चिडखोर बनतो आणि सुटला की पहिल्या दिसलेल्या माणसावर तुटून पडतो. अवजड किंवा आखूड साखळीने जनावर विनाकारण बराच वेळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. त्यापेक्षा सोपी युक्ती करा. दोन खांबांत वीस-पंचवीस फूट जाड तार ताणून बांधा. तारेत एक लोखंडी कडी ओवून त्या कडीला साखळी लावा. कुत्रा तारेच्या लांबीभर फिरतो, पाय मोकळे होतात आणि राखणही होते. साखळी रस्त्यापर्यंत पोचणार नाही असे पाहावे. सावली आणि पाणी त्याच्या आवाक्यात ठेवावे. गळपट्ट्यात दोन बोटे सहज जावीत. गुराला घालतात तसे लोढणे कुत्र्याच्या गळ्यात अडकवू नये.

३) बाहेर नेताना दोरी हातात. आठवडे बाजार, यात्रा, एस.टी.चा थांबा, पाणवठा, शाळेचे आवार अशा ठिकाणी कुत्रा बैलगाडीमागे मोकळा येऊ देऊ नये. न्यावाच लागला तर मजबूत दोरी हातात असावी, आणि ती दोरी लहान पोराच्या हाती देऊ नये. कुत्रा तापट असेल तर तोंडाला मुसके घालावे. मुसक्यातून त्याला धापा टाकता आल्या पाहिजेत, कारण कुत्रा अंगातली उष्णता धापा टाकूनच बाहेर घालवतो.

४) हाकेची सवय. पिल्लाला एकाच नावाने हाक मारा. आला की तुकडा द्या, पाठीवर हात फिरवा. घरातल्या सगळ्यांनी ‘थांब’ हा एकच शब्द वापरावा. गंमत म्हणून पोरांनी कुत्र्याला लोकांवर ‘छू’ करू नये. आज शिकवलेली खोड उद्या मोडत नाही.

५) नसबंदी. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. त्या दिवसांत आजूबाजूचे कुत्रे जमतात, भांडतात आणि मध्ये येणाऱ्याला चावतात. पुढे दोन महिन्यांत पिल्ले होतात आणि ती परगावच्या शिवेवर पोत्यातून नेऊन सोडली जातात. अशाने एका घरची अडचण दहा घरांवर जाते. पशुवैद्यकाकडून नर-मादीची नसबंदी करून घ्यावी. कुत्र्याचे भटकणे कमी होते. राखणीचा गुण त्याने जात नाही.

६) कच्चे मांस घालू नये. शेळी-मेंढी कापल्यावर आतडी, काळीज, फुफ्फुस कुत्र्यापुढे टाकू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक प्रकारचे पट्टकृमी होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाच्या पोटात गेली तर काळजात, फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात. कुत्र्याला वेळोवेळी जंताचे औषध द्यावे.

आपला कुत्रा चावलाच तर

येथे मालकाची खरी परीक्षा असते. भांडण होईल, खर्च अंगावर येईल, या भीतीने मालक म्हणतो, ‘‘आमचं कुत्रं नव्हतंच ते.’’ कोणी रातोरात कुत्र्याला मारून पुरतो. या दोन्ही गोष्टींमुळे चावलेल्या माणसाच्या उपचाराची दिशाच चुकू शकते. मालकाने पुढे यावे आणि ही कामे करावीत :

— जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. मोटारीचे पाणी, नळ, नाहीतर तांब्याने धार धरावी. साबणाने विषाणू मरतात आणि पाण्याने वाहून जातात. हे पहिले औषध प्रत्येक घरात आहे.

— जखमेवर हळद, चटणी, चुना, तेल, तंबाखू, राख यांतले काहीही भरू नये. घट्ट पट्टी बांधू नये.

— त्याच दिवशी त्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही. ती जुनी लस आपल्या देशात २००४-०५ मध्येच बंद झाली. आता दंडात लस देतात. कातडीत द्यायची असेल तर पहिला दिवस आणि त्यानंतर तिसरा, सातवा व अठ्ठाविसावा दिवस, अशा चार खेपा होतात. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर जखमेतच आणखी एक औषध टोचावे लागते. एकही खेप चुकवू नये. दुखणे थांबले म्हणून लस थांबवायची नसते.

— मंत्र, गंडा, झाडपाला यांवर एक दिवसही घालवू नये.

— कुत्रा मारू नये, हाकलू नये. दहा दिवस वेगळा बांधून नजरेखाली ठेवावा. दहा दिवसांनंतरही तो जिवंत आणि धडधाकट असेल, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हते असा निर्वाळा मिळतो. पण दहा दिवस वाट पाहून मग लस घ्यायची, असे नव्हे. लस पहिल्याच दिवशी सुरू करायची. पुढे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील.

— त्या दहा दिवसांत कुत्र्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली, तो अंधारात लपू लागला, काठी-दगड चावू लागला किंवा मेला, तर लगेच पशुवैद्यकाला आणि दवाखान्याला कळवावे.

— आपल्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी चावलेल्या माणसाला दवाखान्यात न्यावेच. लशीचे कार्ड सोबत न्यावे.

कायद्याचेही भान असावे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना पुरेसा बंदोबस्त न करणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २९१ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण बंधूंनो, पोलीस पाटलापर्यंत गोष्ट जाण्याआधी मालक स्वतः गाडी काढून जखमी माणसाला दवाखान्यात घेऊन गेला, तर भांडण बहुधा तेथेच मिटते.

गुरांनाही धोका

पिसाळलेला कुत्रा गाई-म्हशींना आणि शेळ्यांनाही चावतो. असे जनावर सारखे हंबरते, लाळ गाळते, मागच्या पायांत लटपटते, त्याला गिळता येत नाही. घशात काही अडकले असेल म्हणून आपण त्याच्या तोंडात हात घालतो. असे कधीही करू नका! हाताला बारीकसा ओरखडा असला तरी लाळेतला विषाणू आपल्या अंगात शिरू शकतो. अशा जनावराचे दूध वापरू नये. कुत्रा चावल्याचे दिसताच जनावराची जखमही साबणाने धुवावी, पण हातात प्लॅस्टिकची पिशवी तरी घालावी. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. जनावरालाही चावल्यानंतरची लस असते.

गावाने एकत्र यावे

एकट्या मालकाने लस दिली तर त्याचे घर सावरते. गावातल्या शंभर कुत्र्यांपैकी निदान सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळीच तुटते. शेजारच्या गोव्यात २०१४ नंतर सरकार आणि संस्थांनी मिळून दरसाल कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना माहिती दिली. त्याचे फळ म्हणून २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षांत तेथे माणसाच्या रेबीज मृत्यूची नोंद झाली नाही. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज देशातून हटवण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला आहे. आपल्या ग्रामसभेत हा विषय घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून वर्षातून एक दिवस लसीकरणासाठी ठरवा. त्या दिवशी पाळलेले कुत्रे आणावेतच, शिवाय आळीत ज्याला सगळे तुकडा घालतात त्या बिनमालकाच्या कुत्र्यालाही कोणीतरी धरून आणावे. मेलेली जनावरे आणि खाटिकखान्याची घाण उघड्यावर न टाकता पुरावी, म्हणजे कुत्र्यांच्या टोळ्या जमणार नाहीत. कुत्र्यांना विष घालणे हा उपाय नव्हे. तो गुन्हा आहे, आणि ते विष शेजाऱ्याच्या शेळीच्याही पोटात जाते.

हे लक्षात ठेवा

कुत्र्याला दरवर्षी लस द्या. वर्दळीच्या वेळी बांधा. बाहेर नेताना दोरी हातात धरा. चावल्यास पंधरा मिनिटे साबण-पाणी आणि त्याच दिवशी दवाखाना. कुत्रा दहा दिवस नजरेखाली. आणि कुत्रा आपला असेल तर ‘आमचाच आहे’ असे पुढे होऊन सांगा. एवढ्याने कोणाचे तरी पोर वाचेल.