चालता येतंय म्हणजे हाड शाबूत आहे?

चीअरलीडर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? २००८ साली आयपीएल सुरू झालं आणि चौकार-षटकार गेला की हातात चमचमते गोंडे घेऊन नाचणाऱ्या मुली घराघरातल्या टीव्हीवर दिसायला लागल्या. त्यावरून वादही पुष्कळ झाले. त्यामुळे टेक्सासला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने 'आमच्या चिऊची चीअरलीडिंगच्या टीममध्ये निवड झाली' असं फोनवर सांगितलं, तेव्हा आमच्या आईचा पहिला प्रश्न होता, ''अगं, पण शाळेचं काय?'' दुसरा प्रश्न कपड्यांबद्दल होता, तो सांगत नाही!

पण चिऊ जे करते, त्यात गोंडे नावापुरतेच. दहीहंडीचे थर आणि जिम्नॅस्टिक्स एकत्र करा, त्याला गाण्याचा ठेका लावा आणि सगळं अडीच मिनिटांत बसवा, म्हणजे स्पर्धेतलं चीअरलीडिंग झालं. खाली उभ्या राहून उचलणाऱ्या मुली म्हणजे 'बेस' आणि वर चढणारी हलकीफुलकी मुलगी म्हणजे 'फ्लायर'. ही फ्लायर मैत्रिणींच्या तळहातांवर एका पायाने उभी राहते आणि दुसरा पाय पाठीमागून डोक्यापर्यंत नेते. त्या अवस्थेला 'विंचू' म्हणतात. शिवाय मागे-पुढे कोलांट्या आणि उंच उड्या असतातच. १८९८ साली मिनेसोटाच्या विद्यापीठात फुटबॉलच्या सामन्याला घोषणा देणाऱ्या मुलग्यांपासून हे सुरू झालं. मुली त्यात आल्या १९२०च्या दशकात. २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. थोडक्यात, हा नाच नाही. हा अंगमेहनतीचा खेळ आहे आणि त्यात हाडं झिजतात.

चिऊ तेव्हा चौदा वर्षांची होती. २०२४च्या जुलैमध्ये उन्हाळी शिबिर झालं. आठवड्याला तीन दिवस असलेला सराव एकदम सहा दिवसांवर गेला, तोही शाळेच्या टणक लाकडी फरशीवर पातळ गाद्या टाकून. सप्टेंबरमध्ये डाव्या पायाची नडगी दुखायला लागली. आधी फक्त सराव संपल्यावर दुखायची. बर्फ लावला की सकाळी ठीक. मग सराव सुरू झाल्या झाल्या दुखायला लागली. पोरीने घरात सांगितलंच नाही. डिसेंबरमध्ये मोठी स्पर्धा होती, आणि फ्लायरची जागा एकदा दुसरीला गेली की परत मिळणं कठीण. दप्तराच्या कप्प्यात तिने वेदनाशामक गोळ्या ठेवल्या होत्या. सरावाच्या अर्धा तास आधी एक घ्यायची आणि उड्या मारायला मोकळी! गोळीने दुखणं झाकलं जातं, पण हाडावर बसणारा दणका काही कमी होत नाही.

एके रात्री ती जिन्यावरून एका पायाने लंगडत उतरताना माझ्या बहिणीने पाहिलं. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. तो स्वच्छ! डॉक्टर म्हणाले, आराम करा. चिऊ म्हणाली, बघ, काही नाहीये. तिथल्या बऱ्याच शाळांत खेळाडूंच्या दुखापती बघायला प्रशिक्षित माणूस असतो, तशा या शाळेतही एक बाई होत्या. त्यांनी नडगीवरून एका बोटाने दाबत दाबत खाली आणलं. घोट्याच्या वर चार-पाच बोटांवर एका ठिकाणी चिऊ किंचाळली. त्यांनी एमआरआय करायला सांगितलं. हाडात बारीक तडा होता. याला म्हणतात स्ट्रेस फ्रॅक्चर.

आमच्या आईचा यावर विश्वासच बसेना. ''हाड मोडलंय तर पोर चालते कशी?'' प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याला फ्रॅक्चर माहीत ते पडल्याचं, अपघाताचं. हे तसं नसतं. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की आधी चीर पडते, तसं हे. खरं तर हाड तारेपेक्षा हुशार. ते जिवंत असतं, रोज दुरुस्त होत असतं. ताण वाढला की जुना भाग पाडून नवा, जास्त मजबूत भाग बांधायला घेतं. पण घराच्या दुरुस्तीत पाडापाडी चार दिवसांत होते आणि बांधकामाला महिने लागतात, तेच इथेही. वाढवलेल्या सरावानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हाड उलट कच्चं असतं, आणि आपण नेमके त्याच दिवसांत जोर लावतो. बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, हाड सांधायला लागल्यावर दिसते, कधी तेव्हाही नाही.

हा आजार नवा नाही बरं का. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली होती. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता, तो लागला १८९५ मध्ये. आपल्या पी. व्ही. सिंधूला २०१५ साली डाव्या पावलात हेच झालं होतं. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकलं आणि त्याच डाव्या पायाच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे पाठोपाठची जागतिक स्पर्धा तिला सोडावी लागली.

आता गंमत बघा. खेळाच्या डॉक्टरीणबाईंनी चिऊला पहिला प्रश्न विचारला तो पायाचा नव्हताच. ''शेवटची पाळी कधी आली होती?'' बहीण मनात म्हणाली, पायाच्या डॉक्टरला पाळीशी काय करायचंय? चिऊ गप्प. मग हळूच म्हणाली, ''मे महिन्यात असेल.'' म्हणजे चार महिने होऊन गेले होते! तिला ते सोयीचंच वाटत होतं. घट्ट गणवेशात कटकट नाही. आणि डबा? तो अर्धा परत यायचा, पण तो मैत्रिणींच्या डस्टबिनमध्ये रिकामा होऊन. फ्लायर हलकी हवी, हे वाक्य कुणी तिला तोंडावर म्हटलं नव्हतं, पण उचलणाऱ्या मुलींनी एकदा 'हुश्श' केलं होतं, तेवढं पुरलं.

व्यायाम खूप आणि खाणं कमी झालं की शरीर काटकसर सुरू करतं. जगायला ताबडतोब लागत नाही असं पहिलं खातं बंद होतं ते पाळीचं. त्याबरोबर इस्ट्रोजेन कमी होतं, आणि हाडाला धरून ठेवणारं तेच असतं. खेळाडू मुलींमधलं हे त्रिकूट, म्हणजे कमी खाणं, चुकलेली पाळी आणि कमजोर हाडं, डॉक्टर १९९०च्या दशकापासून एकत्र बघतात. २०१४ साली ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याला आणखी व्यापक नाव दिलं, कारण मुलग्यांनाही हे होतं. ज्या वयात आयुष्यभराची हाडांची पुंजी साठवायची, त्याच वयात ही मुलगी पुंजी खर्च करत होती. मला विचाराल तर पायाच्या चिरेपेक्षा ही गोष्ट जास्त घाबरवणारी आहे.

सहा आठवडे पायात गुडघ्यापर्यंतचा आधाराचा बूट. उड्या बंद, पळणं बंद. डिसेंबरची स्पर्धा गेली. तिच्या जागी दुसरी मुलगी चढली आणि सगळी रचना नव्याने बसवावी लागली. ''मी टीमला बुडवलं'' म्हणून चिऊ दोन आठवडे सरावाकडे फिरकली नाही. मोठ्यांना वाटतं, पाय आहे, बरा होईल, त्यात रडायचं काय! पण चौदाव्या वर्षी मैत्रिणी, वेळापत्रक, कौतुक सगळं त्या टीममध्येच असतं. पाय एक दुखतो, पण बंद पडतं ते सगळं जगच. शेवटी प्रशिक्षिकेनेच तिला बोलावून घेतलं, मोजणी करायला आणि व्हिडिओ काढायला. बाजूला बसून आकडे म्हणणं तिला सुरुवातीला शिक्षाच वाटली. पुढे पुढे कुणाचा हात कुठे चुकतो हे तिलाच आधी दिसायला लागलं. पाण्यातले व्यायाम आणि पोटा-पाठीच्या कसरती डॉक्टरांनी चालू ठेवल्या होत्या, त्याचाही आधार झाला.

घरात मात्र रोजची चकमक. बहीण दिवसातून दहा वेळा विचारायची, ''दुखतंय का?'' आणि चिऊ दार आपटायची. मग दोघींनी तह केला. रात्री झोपताना एकदाच, शून्य ते दहामधला आकडा चिऊने फ्रिजवरच्या कागदावर लिहायचा. आईने विचारायचं नाही आणि मुलीने खोटं लिहायचं नाही. त्याच कागदावर पाळीची तारीख लाल पेनने.

खाण्याचं म्हणाल तर तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी नऊ ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी दिवसाला १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं. मोठा पेला दूध म्हणजे साधारण ३००. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास. पण नुसतं कॅल्शियम मोजून भागत नाही, पोटभर जेवण आधी हवं. आमच्या आईने येणाऱ्या एकाबरोबर डिंकाचे लाडू पाठवले. डिंकाने हाड चिकटत नाही हे खरं, पण तूप, खोबरं, खारीक त्या पोरीला हवंच होतं! ड जीवनसत्त्व रक्तात कमी निघालं, त्याचे डोस डॉक्टरांनी ठरवून दिले.

तुम्ही म्हणाल, टेक्सासच्या पोरीचं आम्हाला काय? पोलीस भरतीची जाहिरात आली की तालुक्याच्या डांबरी रस्त्यावर पहाटे पळणाऱ्या मुली बघा. कालपर्यंत सराव नाही आणि आज एकदम ८०० मीटरचे फेरे, पायात झिजलेले बूट, पोटात फक्त चहा. नडगीच्या कडेने लांबवर दुखत असेल तर बहुतेक वेळा स्नायूंची ओढ असते, ती विश्रांतीने शांत होते. पण दुखणं एका बोटाखाली सापडत असेल, चाल लंगडी झाली असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवायचं. त्या जागी रगडून मालीश नको. एमआरआय परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. पायाला विश्रांती देऊन दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढता येतो. पळताना जांघेत दुखत असेल तर मात्र वाट बघायची नाही, कारण तिथलं हाड सरकलं तर ऑपरेशनची वेळ येते. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलींनी कंबर मागे वाकवताना एका बाजूला कळ आली तर तीही दाखवावी. मणक्यालाही अशीच चीर पडते आणि तिला साधारण तीन महिने द्यावे लागतात. तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरावं संपत आलं तरी सुरूच झाली नाही, तर खेळाडू असो-नसो, डॉक्टरांकडे जायला हवं.

चिऊचा बूट निघाला तरी लगेच कोलांट्या नव्हत्या. आधी नुसतं चालणं, मग थोडं चालणं-थोडं पळणं, मग दोन्ही पायांवर लहान उड्या. कोलांटी सगळ्यात शेवटी. कागदावरचा आकडा दोनच्या वर गेला की एक पायरी मागे. फेब्रुवारीत एकदा तो चार झाला आणि दोन आठवडे पुन्हा चालण्यावर गेले. त्या दिवशीही दार आपटलं गेलं, पण आकडा तिने खरा लिहिला होता. पाळी मार्चमध्ये परत आली.

मे २०२५ मध्ये नव्या टीमची निवड झाली. दीड इंच उंची आणि चार किलो वजन वाढलेलं, त्यामुळे फ्लायरची जागा मिळाली नाही. बेसमध्ये घेतलं. मला फोनवर म्हणाली, ''मावशी, आता मी उचलणार.'' आवाजात थोडी खंत होती, थोडा रुबाबही. मग लगेच विचारलं, ''आजीचे लाडू पुन्हा कधी येणार?''