बाळाचं पहिलं वर्ष (भाग ९) : आवर्तन कधी सुटतं?

गेल्या भागात दूध पचेपर्यंत आलो होतो. आज त्याच दुधातल्या पाण्याची पुढची वाट.

शिरूर-दौंडकडच्या माणसाला ही गोष्ट सांगायला फार खटाटोप नको. मूत्राशय म्हणजे साठवण, खाली दरवाजा. दरवाज्याजवळचा चौकीदार म्हणजे मणक्याच्या खालच्या टोकाकडचं मज्जाकेंद्र. त्याच्या वर, मेंदूच्या देठात, अभियंता बसतो. पिशवीची भिंत आवळायची आणि दरवाजा उघडायचा, हे दोन्ही एकाच वेळी जुळवणं त्याचं काम. आणि सगळ्यात वर, कपाळामागे, कालवा सल्लागार समिती. चासकमानचं पाणी शिरूरला कधी, खडकवासल्याचं दौंडला कधी, हे जसं पुण्यातल्या बैठकीत ठरतं, तसं ‘आत्ता सोडायचं की थांबायचं’ हे तिथं ठरतं.

तान्ह्या बाळाची ही समिती अजून नीट भरलेलीच नसते. साठवण म्हणाल तर ३०-४० मिली, म्हणजे जेमतेम अर्धा कटिंग चहा. म्हणून दिवसाकाठी वीसेक वेळा दुपटं ओलं होतं. त्यात भिंत आणि दरवाजा यांचंही जमलेलं नसतं. शेतावर मोटर चालू आणि कॉक अर्धा बंद असला की होतं तसंच. शू हप्त्याहप्त्यानं येते, थोडी आतच उरते. आईला वाटतं झालं, कोरडं दुपटं लावते, की लगेच दुसरा हप्ता!

पूर्वी डॉक्टरही म्हणत, हा सगळा चौकीदाराचा कारभार, मेंदूला खबरच नसते. मग झोपलेल्या बाळांच्या मेंदूच्या लहरी तपासल्या, तेव्हा दिसलं की शू होण्याआधी बाळ बहुधा चाळवतं, कधी जागंच होतं. गाढ झोपेत ते क्वचितच भिजवतं. म्हणजे वरच्या कचेरीला फोन पहिल्या दिवसांपासून जातो, फक्त तिथून ‘थांब’ म्हणणारं कोणी नसतं.

आजीनं लहरी पाहिल्या नव्हत्या. तिनं पाहिलं होतं ते दूध ओढता ओढता मध्येच थांबलेले ओठ, कपाळावरची आठी, अंगावर आलेला बारीक शहारा. तेवढ्यावर ती बाळ उचलायची, ओसरीच्या कडेला बसून दोन्ही पावलं जुळवायची, त्यावर बाळाला टेकवायची आणि ‘शूऽऽ’ म्हणायची. व्हिएतनाममधल्या आया अशाच शीळ घालतात. तिथल्या बाळांची आणि स्वीडनमधल्या बाळांची तुलना झाली, तेव्हा व्हिएतनामची बाळं पिशवी पूर्ण रिकामी करायला बरीच लवकर शिकलेली आढळली. डायपरला माझा विरोध नाही. एसटीत तर तो देवासारखा धावून येतो. पण चोवीस तास बांधला की आईला ती आठी दिसायचीच राहते.

साठवण वयाबरोबर वाढते. ढोबळ हिशेब असा: वयाच्या वर्षांत २ मिळवा, ३० नं गुणा. दोन वर्षांचं पोर १२० मिली, चार वर्षांचं १८०. भरल्याची जाणीव दुसऱ्या वर्षात स्पष्ट होते, दिवसाचा ताबा साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतो. रात्रीचा सगळ्यात शेवटी. पाचव्या वर्षी शंभरातली पंधरा-एक मुलं अंथरूण भिजवतात. झोपेत हातून घडलेल्या गोष्टीसाठी त्यांना चारचौघांत लाजवणं मला क्रूर वाटतं.

गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचं काम त्यांच्या हाती देण्याची रीत शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजी आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयानं १९७०च्या दशकात रुजवली. आज घरी येणारी आशाताई विचारते, ‘दिवसात किती वेळा शू करतो?’ पहिला आठवडा सरेपर्यंत सहा किंवा जास्त, तर दूध पुरतंय. पहिल्या दोन-तीन दिवसांतला दुपट्यावरचा विटकरी डाग बहुधा निरुपद्रवी असतो. तो पुढेही दिसला, तर बाळाला दूध कमी पडतंय का ते बघावं.

थांबू नये ते अशा वेळी: जन्मल्यापासून ४८ तासांत शू झालीच नाही, मुलाची धार न पडता सतत थेंबथेंब गळतं, कमरेखाली मणक्यावर केसांचा झुबका किंवा खळगा दिसतो, किंवा तान्ह्याला सर्दी-खोकल्याशिवाय ताप येतो. तपासणी त्याच दिवशी.

पुढच्या आठवड्यात शेजारचं दुकान: गच्च भरलेलं आतडं मूत्राशयाला कसं दाबतं, आणि खडा झालेल्या मुलाची चड्डी का ओली होते.