साडेतीन फुटांची चित्रशाळा

पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्या वास्तव्याने ज्या डोंबिवलीस साहित्यविश्वात प्रतिष्ठा लाभली, तेथील एका जुन्या इमारतीत एक निवृत्त चित्रकला-शिक्षिका आपल्या सज्जाची चित्रशाळा करवून घेत आहेत, असे कानी आले, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कलेला जागा मिळते तरी कशी, हे पाहण्याच्या ओढीने मी तेथे गेलो.

मिस्त्रींनी मोजपट्टी धरली: साडेतीन फूट. कपडे वाळत घालण्याची वहिवाटही याच साडेतीन फुटांवर असल्याने भिंतीला बिजागऱ्यांची मिटणारी फळी बसवावी, अशी तजवीज घरच्यांनी सुचविली होती. मिस्त्रींनी गुण्या खाली ठेवला.

“बाई, आषाढात रंग ओला असताना फळी मिटायची कशी?”

प्रश्न सुताराचा, पण मर्म चित्रकाराचे होते. पावसाळी दमट हवेत जलरंगाचा एक हात वाळण्यास फार वेळ लागतो, आणि तोवर कागद आडवाच राहिला पाहिजे; जी जागा जेवणवेळेस रिकामी करून द्यावी लागते, तेथे चित्र सुरू होईल, पुरे होणार नाही. फळी कायमची ठरली, याचा मला मनापासून आनंद झाला.

सज्जा उत्तराभिमुख आहे. उत्तरेचा प्रकाश स्थिर असतो म्हणून चित्रकार त्याची वाखाणणी करतात. परंतु एकोणीस अंश अक्षांशावरील या गावी मेच्या मध्यापासून जुलैअखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य स्वतःच उत्तरेस सरकलेला असतो. बाईंना हे भिंतीवरच्या उन्हावरून ठाऊक होते. त्यांनी चिकाच्या पडद्यासाठी आकडे आधीच मारून घेतले होते.

चौकट, खिळे, पॉलिश ही कामे नेहमीचीच. मला पुनःपुन्हा खेचून नेई तो सागवानाचा उग्र, किंचित कडसर गंध, आणि रंध्याखालून वळसे घेत निघणाऱ्या ढलप्या. फळीच्या काठाला, पेन्सिल घरंगळू नये म्हणून, मिस्त्रींनी अर्ध्या बोटाची पट्टी न सांगता ठोकली. कागदांना बुरशी धरू नये म्हणून खालच्या कपाटात लहानसा दिवा जळता ठेवण्याची सोयही त्यांनी केली.

कपड्यांचा प्रश्न सूनबाईंनी सोडविला: दांड्या आतल्या खोलीच्या छताला टांगण्यास त्यांनी संमती दिली, आणि मिस्त्रींनी हिशेबाच्या चिठ्ठीत चार कप्प्या व सुताची दोरी वाढवून लिहिली.