शुल्कात भरलेले ग्रंथालय

महाविद्यालयीन शुल्काची पावती व्यापारी घरात जपून ठेवली जाते. पण तिच्यातील ‘ग्रंथालय’ या रकान्यापोटी काय मिळावयाचे, याचा हिशेब सहसा कोणी मागत नाही. मुले मात्र मोबाइलवर फिरणाऱ्या चोरट्या प्रती वाचतात. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान. अचौर्याचे अणुव्रत कागदाच्या पुस्तकाला लागू आणि पडद्यावरच्या पुस्तकाला नाही, असे कसे म्हणावे? शिवाय सरळ वाटेचा खर्च आधीच झालेला असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्र २०१० पासून ‘एन-लिस्ट’ ही योजना चालविते. सभासद महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना तीतून दीड लाखांहून अधिक ई-पुस्तके घरबसल्या वाचता येतात. ग्रंथपालांनी विद्यार्थ्याचे नाव व ई-मेल नोंदविला की प्रवेशनाम आणि संकेतशब्द मिळतो. तेव्हा महाविद्यालय सभासद आहे काय, एवढे प्रथम विचारावे आणि असल्यास नोंद करून घ्यावी. विद्यापीठाच्या विभागात शिकणाऱ्यांनी हीच विचारणा विद्यापीठ ग्रंथालयात करावी. पुण्यात ते जयकर ग्रंथालय.

शोध घेताना पुस्तकाचे पूर्ण नाव टाकण्यापेक्षा विषयाचा इंग्रजी शब्द टाकणे फलदायी ठरते. एकाच शब्दाची रूपे अनेक असतात; ‘जैन’, ‘जैना’, ‘जैनिझम’ ही तिन्ही तपासावीत. पुस्तक सापडल्यावर अनुक्रमणिका पाहून हवे तेवढेच प्रकरण उतरवून घ्यावे. काही संग्रहांत पुस्तक ठरावीक दिवसांपुरते मिळते आणि मुदत संपताच आपोआप मिटते. दंडाची भानगड नाही! मात्र अधाशीपणे पुस्तकांमागून पुस्तके उतरविल्यास प्रकाशक साऱ्या महाविद्यालयाचाच प्रवेश रोखू शकतो. एकाच्या परिग्रहाचा भुर्दंड सर्वांना.

येथे सर्व काही मिळेल, या भ्रमात राहू नये. चालू वर्षाच्या प्राप्तिकराचे क्रमिक पुस्तक विकतच घ्यावे लागेल. मराठी पुस्तकांचीही अपेक्षा ठेवू नये. इंग्रजीतील अर्थशास्त्र, व्यवस्थापन, इतिहास व तत्त्वज्ञान यांवरील अभ्यासग्रंथ हे या भांडाराचे खरे बळ.

शिक्षण संपले की ही सोय संपते. दुकान सांभाळणाऱ्या पदवीधरांना आणि घरातील ज्येष्ठांना खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खुले आहे. तेथे नोंदणीला शुल्क नाही आणि महाविद्यालयाचा दाखलाही लागत नाही.