कोंबड्यांचें आंबवलेलें खाद्य आणि बुरसलेली पेंड

परसांत दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्या बंधूंनीं दाणा आंबवून घालावा. भरडलेली ज्वारी व तांदळाची कणी मडक्यांत घालून वर चार बोटें पाणी ठेवावें व दिवसांतून दोनदां ढवळावें. उन्हाळ्यांत दुसऱ्या दिवशीं, थंडींत तिसऱ्या-चौथ्या दिवशीं ताकासारखा आंबट वास येतो. तासाभरांत संपेल इतकेंच कोंबड्यांपुढें ठेवावें. थोडें आंबट पाणी पुढील खेपेस विरजण म्हणून राखावें. आंबल्यानें दाण्यांत अडकलेला स्फुरद कोंबडीच्या अंगीं लागतो.

मात्र पेन्शनीच्या पहिल्याच पावसाळ्यांत मीं एक चूक केली. ओल लागून बुरसलेली भुईमुगाची पेंड आंबवली कीं निर्दोष होईल, असें मानून ती घातली. सात कोंबड्या गेल्या. जमाबंदीचे आंकडे तपासण्यांत हयात घालविलेल्या माणसानें पेंडीचे चार पैसे वांचविले ते असे! १९६० सालीं इंग्लंडांत लाखावर टर्की पक्षी दगावले, ते भुईमुगाच्या पेंडींतील बुरशीच्या विषानेंच. त्यास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. तें शिजविल्यानेंहि नाहींसें होत नाहीं. आंबवण्यावर तर भरंवसा ठेवूंच नये.

मडक्यांत काळी-हिरवी बुरशी दिसल्यास सारेंच खाद्य खोल पुरावें. उकिरड्यावर टाकूं नये. कोंबड्या प्रथम तेथेंच जातात.